पेटीच्या पोटातला पोचा

नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकात कोणालेही विचारा, डेंटिंगमध्ये, म्हणजे गाड्याइचे पोचे काढाच्या कामात, पहिलं नाव कोणाचं? माहं सांगतील. कोणी दुसऱ्याचं सांगितलं तर समजून जा, तो माणूस चौकात नवा आहे. बसचा दरवाजा खांबाले घासून कागदासारखा चुरगळला असला तरी मी तो असा काढतो का मालक हात फिरवून विचारते, "दादा, नवा बसवला का गा?" दहावी नापास आहो मी, अन् सांगाले लाज वाटत नाही. ज्या मास्तरनं मले गणितात नापास केलं, त्याची स्कूटर मीच सरळ केली आहे.

पण हे माह्याबद्दल नाही. माह्याबद्दल लिहाले बसलो तर कागद पुरणार नाहीत. हे माह्या लहान भावाबद्दल आहे, धम्मानंदबद्दल. त्याच्यावर दुसरं कोणी लिहिणार नाही, अन् तो स्वतः तर दोन शब्द बोलाच्या आधी चारदा विचार करते. मंग उरलं कोण? मीच.

आमचे बाबा, देवाजी, कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये ठेक्यावर होते, राखेच्या लाइनवर. घरी आले का भिवयांत राख, कानात राख. आई म्हणे, आधी आंग झटकून या, मंग चहा मागा. सारी उमर ठेक्यावर गेली. दरवर्षी कोणी तरी सांगे, देवाजी, यंदा तुमचं पक्कं होते. ते ऐकून घेत, हो म्हणत, अन् एक दिवस ठेक्यावरच गेले. मी शाळा सोडली अन् हातोडी धरली. शाळेनंही मले धरून ठेवलं नाही, ते वेगळं. धम्माले मात्र मी सांगून टाकलं होतं, "तू हातोडीले हात लावशील तर हात तोडीन." त्याचं पॉलिटेक्निक मी केलं. म्हणजे शिकला तो, केलं मी. हे मी सगळ्याइले सांगतो, तो समोर असला तरी सांगतो. तो खाली पाहते.

शाळेतून आला का माह्या दुकानात येऊन बसे. बाकीचे पोट्टे टायर फिरवत, हा फाटलेला पत्रा हातात घेऊन पाहे.

"दादा, हा नेहमी कोपऱ्यातच काहून फाटते?"

"मधात फाटला असता तर तू विचारलं असतं, मधातच काहून फाटते."

"नाही ना दादा, खरंच सांग."

खरंच सांगाले मले येत नव्हतं, पण हाताले माहीत होतं. लोखंड मार खाते. ॲल्युमिनियम रुसते. ज्या जागी तुम्ही जास्त ओढलं, त्या जागी ते पातळ होते, अन् एकदा पातळ झालं का सारी ओढ तिथंच जाते, मंग टरकन चीर. मोठ्या कारखान्यातल्या प्रेसचंही तेच. वरून ठोकळा दाबते, पत्रा खाली ओढला जाते, कोपरा सगळ्याचा भार घेते अन् कोपराच फाटते.

हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला, मंग एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागला. तिथं एक मशीन होतं, त्याच्यावर त्याचा जीव बसला. पुढं बुटीबोरीच्या एका कारखान्यानं तसंच मशीन बनवून घेतलं अन् ते चालवाले धम्माले बोलावलं. ठेक्यावर. कारखाना मधुकररावचा, अन् आता त्याइचा पोरगा जितेंद्र पाहते सगळं. ॲल्युमिनियमचे सुटे भाग बनवतात.

मी ते मशीन पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा हसलो. ना हातोडी, ना ठोकळा. खाली डाय, म्हणजे साचा. साच्यावर ॲल्युमिनियमची शीट. शीटच्या वर तांब्याची जाड गुंडाळी, रेझिनमध्ये गच्च बसवलेली, तिले ते कॉइल म्हणतात. बाजूले कॅपॅसिटरचं लोखंडी कपाट. ते कपाट वीज पिऊन पिऊन भरते, अन् बटण दाबलं का सारीच्या सारी एका झटक्यात कॉइलमध्ये ओतते.

"अन् मंग?" मी विचारलं.

"मंग कॉइलमध्ये चुंबक तयार होते. एकदम, जोरात. त्याच्यानं शीटमध्येही वीज फिरते, पण उलटी. मंग कॉइल शीटले ढकलते. कॉइल तर पक्की बांधलेली. शीटच पळते, खाली साच्यात."

"कोणी हात न लावता?"

"कोणी हात न लावता."

धाडकन आवाज आला, मी चार हात मागं सरकलो, अन् त्यानं साच्यातून पेटी काढून माह्या हातावर ठेवली. जेवाच्या ताटाएवढी, खोल, अन् कोपरे असे टोकदार का बोट लावाले भीती वाटावी. मी कोपरा उजेडात धरला. चीर नाही. पंचवीस वर्षं पत्रा ठोकून राह्यलो मी. असा कोपरा मी काढला नव्हता. चौकात हे कोणाले सांगू नका.

"फाटला काहून नाही बे?"

तेव्हा तो बोलाले लागला. एवढं तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. म्हणे, हळू ओढलं का एक जागा कमजोर पडते अन् बाकीचा पत्रा तमाशा पाहत राहते. इथं सारा पत्रा एकदमच पळते, पापणी हलाच्या आत. एका जागी पातळ होऊन तुटाले त्याले वेळच भेटत नाही. ओढ सगळ्याइमध्ये वाटली जाते. म्हणून प्रेसमध्ये जिथं फाटते त्याच्या पुढंही ते ताणते. अन् साच्यावर असं जोरात आपटून बसते का नंतर मागं उसळत नाही. वीज किती भराची ते मात्र बरोबर पाहिजे, जास्त झाली तर हेही फाटते.

"अन् हे छिद्रं कशाचे?" साच्याच्या तळाले सुईएवढे बारीक छिद्र होते.

"हवेचे. शीट खाली येते तेव्हा साच्यातल्या हवेले पळाले जागा पाहिजे. नाही भेटली तर हवा दबते अन् शीटले उलटी लाथ मारते. मधात पोचा येते. म्हणून पंपानं आधी हवा ओढून घेतो."

त्या दिवशी मी चौकात येऊन सगळ्याइले पेढे वाटले. लोक विचारत, काय झालं गा? मी म्हणे, माहा भाऊ हात न लावता पत्रा वाकवते, तुम्ही हात लावून वाकवून दाखवा.

विजेवर चालणाऱ्या बसा बनवणारी एक मोठी कंपनी ह्या पेट्या घेणार होती. बसच्या कंट्रोलरची पेटी. त्याइचे लोक पाहाले येणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मधुकररावनं धम्माले बोलावून सांगितलं, "पाहुण्यांना पेटी पसंत पडली की तू मशीनचा इनचार्ज. ठेक्यावर नाही, पक्का."

धम्मानं हे घरी सांगितलं तेव्हा आई, कांताबाई, उठली अन् बाबांच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली. त्याची बायको मेघा म्हणाली, "झालं म्हणजे बोलू, आताच नको." मी म्हटलं, "झालंच समज वं. देवाजीच्या घरातला पहिला पक्का माणूस." अन् चौकात सांगून मोकळा झालो.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण सारं तिथंच आहे.

आमचा दसरा दीक्षाभूमीचा. माह्या आजोबानं तिथंच दीक्षा घेतली. त्या दिवशी आमच्या वस्तीचा भोजनदानाचा स्टॉल लागते. दूरदूरचे लोक येतात, पाय सुजलेले, कडेवर लेकरं. भाजी मी सांभाळतो, बाकीच्याइले मिठाचा अंदाज नाही. धम्मा पाणी देते. पोट्टा होता तेव्हापासून देते. त्या दिवशी तो कुठंच दुसरीकडं जात नाही. कारखान्यात हे माहीत होतं, सुट्टीही मंजूर होती. आदल्या दिवशी त्यानं शेवटच्या पेट्या काढून पाह्यल्या, सगळ्या बिनचूक, अन् मशीन पुसून, झाकून आला.

तिकडं कारखान्यात दसऱ्याले यंत्राची पूजा असते. झेंडूचे हार, नारळ, पेढे. मधुकररावची बायको, प्रेमिलाबाई, स्वतः येऊन एकेका मशीनले ओवाळतात. अन् मशीनले सजवाचं काम देवरावचं. देवराव तिथला जुना फिटर. बुटीबोरीच्या पलीकडं गाव, अजून वावर कसते, कपाशी पेरते. धम्मावर त्याचा भारी लोभ. हिवाळ्यात हुरडा आणून त्याच्या डब्यात टाके. त्याच्या गावात मोटरपंपाले शेंदूर, ट्रॅक्टरले शेंदूर, अन् मारुतीले तर आहेच. त्यानं मनात आणलं, पोराचं मशीन, उद्या पाहुणे येणार, ह्याले कमी नाही पडलं पाहिजे. तेलात घट्ट शेंदूर कालवला अन् साच्याच्या पोटात तळहातानं चोपडला, चांगला दाबून दाबून. संध्याकाळी त्यालेच वाटलं, पाहुण्याइच्या समोर लाल दिसलं तर पोट्ट्याले अवघड जाईन. मंग फडक्यानं पुसून काढला. साचा आरशासारखा चमकाले लागला. वरून. छिद्रात शेंदूर जाऊन बसला होता, तो कोणाले दिसते?

हे देवरावनंच मले नंतर सांगितलं, वावरातून आणलेल्या तुरीच्या शेंगा दुकानात ठेवून. शेंगा तशाच राह्यल्या, मी एकही उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी मीही कारखान्यात होतो. बोलावलंच होतं मले. जितेंद्रची कल्पना अशी का टेबलावर तीन पेट्या मांडाच्या. एक हातानं ठोकलेली, एक प्रेसवर काढलेली, अन् तिसरी पाहुण्याइच्या डोळ्यासमोर मशीनवर. म्हणजे फरक कळन. हाताची पेटी चांगल्यात चांगल्या कारागिराची पाहिजे, मंग आणखी कोणाकडं जाईन तो? मी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं ती पेटी काढली होती, अन् अशी घोटली होती का चेहरा पाहून घ्या. एका कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. ती बाजू मी भिंतीकडं केली. माल मांडाची एक रीत असते.

पाहुणे तीन होते, दोन साहेब अन् एक मॅडम, सगळे हिंदी बोलणारे. धम्मा नवा शर्ट घालून उभा. मेघानं इस्त्री केलेला.

"छोटे मालक, आधी एक ट्रायल मारून घेतो," तो हळूच म्हणाला.

"ट्रायल परवाच झाल्या ना?" जितेंद्र म्हणाला. "प्रत्येक शॉटमागं कॉइल झिजते, तूच सांगतो. दुसरी कॉइल अजून तयार नाही. पाहुणे उभे आहेत यार, चालू कर."

धम्मानं शीट ठेवली. पंप सुरू केला. हवा किती निघाली ते दाखवणारा काटा सर्रकन खाली गेला. मी त्याच्याकडंच पाहून राह्यलो होतो. त्याच्या कपाळावर आठी आली. रोज काट्याले वेळ लागे, आज लागला नाही. तो काटा पंपाच्या बाजूले बसवलेला आहे. छिद्रं बंद होते, म्हणून पंपानं फक्त पाइपातली हवा ओढली अन् काट्यानं सांगितलं, सगळं रिकामं. हे नंतर कळलं. तेव्हा त्यानं एकदा काट्याकडं पाह्यलं, एकदा जितेंद्रकडं, अन् बटण दाबलं.

धाडकन आवाज झाला. मॅडमनं कानावर हात ठेवले. धम्मानं पेटी काढली.

कोपरे चारही सुंदर. धारदार. अन् मधात, पेटीच्या पोटात, कोणी आतून बुक्की मारावी तसा पोचा.

एका साहेबानं मशीनची पेटी खाली ठेवली अन् माही उचलली.

"ये किसने बनाया?"

"मैने," मी म्हटलं.

"हाथ से? अरे वाह!" तो दुसऱ्या साहेबाकडं पाहून हसला. "फिर ये इतनी बड़ी मशीन किस लिए?"

सगळे हसले. मॅडम नाही हसली, तिनं पोच्यावरून बोट फिरवून पाह्यलं अन् धम्माले काही तरी विचारणार होती. पण जितेंद्र हसत होता, पाहुण्याइच्या संगं हसाव लागते, अन् हसता हसता म्हणाला, "धम्मा, भावाकडून शिकून घे थोडं."

मी काय करू? माहा हातच तसा आहे. पण तेव्हा मी धम्माकडं पाह्यलं नाही.

पाहुणे जेवाले शहरात गेले, संध्याकाळी त्याइचं विमान होतं. धम्मानं शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् साचा खोलला. बारीक तार घेऊन तळातल्या छिद्रात घातली. तार लाल होऊन बाहेर आली. दुसऱ्या छिद्रात घातली, तिथंही लाल. त्यानं बोटानं चोळून वास घेतला अन् मागं वळून पाह्यलं. देवराव उभा होता. त्याचा चेहरा असा झाला होता का जसं कोणी त्याले भर बाजारात ओढत आणलं.

"काका, काल?" धम्मानं एवढंच विचारलं.

"पोटात लावला गा बापू. भरून लावला. तुह्यासाठीच लावला."

धम्मानं रॉकेलनं छिद्रं धुतले, हवा मारून मोकळे केले, नवी शीट ठेवली. पंप लावला. काटा हळूहळू, रोजच्यासारखा उतरला. शॉट मारला. पेटी अशी निघाली का त्या पेटीसमोर माही पेटी म्हणजे गावच्या जत्रेतलं खेळणं. हे मी लिहून देतो.

आम्ही तिघं, धम्मा, देवराव अन् मी, ती पेटी घेऊन मधुकररावच्या केबिनमध्ये गेलो. मी काहून गेलो? मोठा भाऊ आहो, मी नाही जाणार तर कोण जाईन?

मधुकररावनं पेटी फिरवून फिरवून पाह्यली. चेहरा उजळला त्याइचा. "अरे, हीच पाहिजे होती! जितू, फोन लाव त्यांना, जाताना अर्धा तास या म्हणा." जितेंद्रनं फोन काढला. मधुकररावनं विचारलं, "मग सकाळी काय झालं होतं?"

"साच्याचे छिद्र बुजले होते, मालक. हवा अडकली," धम्मा म्हणाला.

"कशानं बुजले?"

धम्मा थांबला. मी सांगितलं ना, तो चारदा विचार करते. मी नाही करत.

"शेंदरानं!" मी म्हटलं. "तुमच्या पूजेच्या शेंदरानं. तारेनं काढून दाखवला माह्या भावानं. माह्या भावाचं मशीन बरोबर होतं."

जितेंद्रचा फोन हातातच राह्यला. मधुकररावनं पेटी टेबलावर ठेवली, हळूच.

"म्हणजे आमच्या पूजेनं मशीन बिघडलं?"

"तसं नाही मालक..." धम्मा म्हणाला.

"त्या मशीनले माझ्या बायकोनं ओवाळलं. उपाशी होती ती सकाळपासून."

"माह्या हातून झालं मालक," देवराव पुढं आला. "बाईसाहेबाचा काही संबंध नाही, मीच..."

"तू गप बस देवराव."

"चूक माही आहे," धम्मा म्हणाला. "काटा लवकर पडला तेव्हाच मी थांबाले पाहिजे होतं. मी थांबलो नाही. पाहुण्याइले येऊ द्या, मी त्याइच्यासमोर काढून दाखवतो."

आता सांगतो, मधुकरराव काही वाईट माणूस नाही. ओरडले नाहीत. उलट आवाज खाली आणला. अन् हाच माहा राग आहे, का माणसानं ओरडावं तरी.

"चूक तुझी आहे हे बरोबर," ते म्हणाले. "पण काट्याची नाही. दसऱ्याले मशीनचा माणूस मशीनजवळ पाहिजे. तू इथं असता तर देवरावले सांगितलं असतं, इथं लाव, इथं नको. सगळे होते, तूच नव्हता. हे बघ, मी शब्द मोडत नाही. पुढच्या दसऱ्यापासून पूजेले तू बसजो. नारळ तू फोडजो, इनचार्जच फोडते आपल्याकडं. हो म्हण, आत्ता पाहुण्यांना बोलावतो अन् आत्ता तुला पक्का करतो."

धम्मा पेटीकडं पाहत होता.

"मालक, आदल्या दिवशी मी स्वतः साचा झाकून सील करून जाईन. दुसऱ्या दिवशी उजाडता हजर होईन. दिवाळीले बोलवा, पंधरा ऑगस्टले बोलवा. दसऱ्याले नाही जमणार."

"अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे," जितेंद्र म्हणाला. "एक नारळ आहे यार."

"तोच एक दिवस आहे ना, छोटे मालक," धम्मा म्हणाला. "अन् पूजेले बसणं माह्याकडून होणार नाही. मी तुमच्या पूजेले नाव नाही ठेवत. माह्याकडून होणार नाही, एवढंच."

जितेंद्रनं बापाकडं पाह्यलं. मधुकररावनं नाही म्हणून मान हलवली. फोन खिशात गेला.

छाती फुगली माही. त्या केबिनमधून मी असा बाहेर आलो का जसं मैदान मारलं. गाडीवर बसल्या बसल्या धम्माले म्हटलं, "शाब्बास बे! बाबासाहेबाचा पोरगा शोभला." त्यानं हेल्मेट घातलं.

घरी मी सगळं सांगितलं, आवाज काढून सांगितलं, शेंदूर कसा म्हटलं तेही. आई ऐकत होती. मेघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माहं झालं तेव्हा तिनं विचारलं, "दादा, ह्याइनं छिद्र बुजले एवढंच म्हटलं होतं ना?"

"हो."

"अन् ते पाहुण्याइले फोन लावून राह्यले होते?"

"लावणारच होते."

"मंग कचऱ्यानं बुजले म्हणाले असते हे. धूळ गेली म्हणाले असते. देवराव काकाचंही नाव आलं नसतं, पूजेचंही नाही. तुमाले शेंदूर म्हणाची काय घाई होती?"

"मी खरं बोललो वं!"

"खरं ह्याइनं बोलाचं होतं, नाही तर नाही बोलाचं होतं. नोकरी ह्याइची होती, दादा. तुमची नव्हती."

धम्मा म्हणाला, "मेघा, जाऊ दे." ती आत गेली. मले उत्तर येत होतं. पण लहान भावाची बायको आहे, मी तोंडाले लागत नाही. तिले काय माहीत, असं तोंड दाबून दाबूनच बाबा राखेत गेले. धूळ गेली म्हणाचं! आपण काहून म्हणावं धूळ गेली?

पाहुणे परत आले नाहीत. पण पेट्यांचं काम पुढं त्याच कारखान्याले भेटलं, कारण त्या मॅडमनं मागून फोन करून एक पेटी मागवली अन् धम्माची ती चांगली पेटी तिच्याकडं गेली. पेटी पसंत पडली. इनचार्ज म्हणून अपूर्व नावाचा इंजिनीअर आला, बाहेरून, पक्का. पोरगा वाईट नाही, "धम्मासर" म्हणे. धम्मानं त्याले सगळं शिकवलं, कॉइल कशी गुंडाळाची, वीज किती भराची. शिकवून झालं अन् ठेका संपला. ठेका संपला म्हणजे संपला, त्याले कारण सांगाव लागत नाही. बाबांचंही तसंच होतं.

दोन-तीन ठिकाणी तो गेला. तसलं मशीन नागपुरात आणखी कुठं आहे? म्हणाले, प्रेस चालवता का? वायरिंग करता का? शेवटी मीच म्हटलं, दुकान आपलं आहे, चल. ज्याले मी हातोडीले हात लावशील तर हात तोडीन म्हटलं होतं, त्याच्या हातात मीच मोगरी दिली. बोर्डावर त्याचं नावही टाकलं. गिऱ्हाईक येते अन् मलेच विचारते.

मागच्या दिवाळीनंतर बुटीबोरीहून एक टेम्पो आला. त्यात पेट्या. त्याच पेट्या. कोपरे धारदार, अन् पोटात पोचे. काहीत मोठे, काहीत नजर घातल्याशिवाय दिसणार नाहीत असे. तिकडं माल घाईत काढाव लागते, पंपाले पुरा वेळ देत नाहीत, हवा थोडी राहून जाते. धम्मानं पेटी हातात घेतली अन् कारण सांगितलं. अपूर्वले फोनही केला. अपूर्व म्हणाला, "सर, मलाही वाटतं तेच, पण वरून म्हणतात, थांबत बसण्यापेक्षा पोचे ठोकून घेणं परवडतं."

मी काम घेतलं. काहून नाही घेऊ? चौकात असं काम दुसऱ्या कोणाले जमणार नाही.

पण ते काम लई वाईट आहे. ॲल्युमिनियम त्या शॉटमध्ये जेवढं ताणाचं तेवढं आधीच ताणून बसलेलं असते. आता त्याच्यात द्याले काही उरलं नाही. मोगरी जराशी जास्त पडली का चीर. मले घाई होते, माह्या हातून दोन पेट्या गेल्या. मंग धम्माच बसाले लागला. मागून वाळूची पिशवी लावून, बोटभर जागेवर, टक टक टक, असा हळू का पाहणाऱ्याले झोप यावी. दिवसभर तो आपल्याच मशीनचे पोचे काढते. त्याच्या हातून अजून एकही फाटली नाही.

परवा जितेंद्र स्वतः आला, नव्या गाडीतून. झालेल्या पेट्या पाहून त्यानं मान डोलावली. "वा दादा. हात आहे तुमचा. त्या दिवशीही मी म्हटलं होतं."

धम्मा मागं होता, उभ्या केलेल्या बसच्या पत्र्याआड. टक टक थांबली. त्यानं मले सकाळीच सांगून ठेवलं होतं, "दादा, तिकडचं कोणी आलं तर माहं नाव घेजो नको." आजपर्यंत मी त्याचं नाव घेतलं नाही असा चौकात दिवस गेला नाही.

"हात तर आहेच," मी म्हटलं.

"पुढच्या आठवड्यात अजून पाठवतो."

"पाठवा."

गाडी गेली. पत्र्याआडून टक टक परत सुरू झाली. मी चहा सांगितला, दोन सांगितले. त्याचा तसाच थंड झाला.